रविवारी येते

आमच्या दोघींचा वाढदिवस १ जूनला असतो. जुळ्या नाही आहोत, सात वर्षांचं अंतर आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली की आमच्याकडचे बाप "पेरणीच्या तोंडावर झाली" असं काहीतरी सांगायचे आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझं नाव वडिलांनी घातलं. बारकीचं नाव घालायच्या वेळी वडील नव्हते, पण तारीख तीच पडली.

बारकी हे घरातलं नाव. खरं नाव लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय. आणखी एक अट घातलीय, "माझ्या वतीनं रडायचं नाही." ती आता सोळा वर्षांची आहे, अटी घालण्यात पटाईत.

गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. दसरा-दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे आणि अर्धं गाव सांगली, कोल्हापूरकडे ऊस तोडायला निघायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम कोयत्याला आधी उचल देतो आणि मग सहा महिने ती ऊस तोडून फेडायची असते. फिटत नाही ती पुढच्या वर्षावर चढते. मुकादमाची ती लांबट वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. त्यात काय लिहिलंय ते आमच्या टोळीत कुणालाच वाचता यायचं नाही, मला यायचं. तिसरीत होते मी. वडील मला मुकादमाच्या मागं उभं करायचे आणि रात्री कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, विचारायचे, "किती लिहिलं गं?"

जानेवारी २०१२. उसाच्या एका फडावरून दुसऱ्या फडावर जाताना रात्री ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उलटली. आई-वडील त्या ट्रॉलीत होते. आम्ही दोघी मागच्या ट्रॅक्टरवर, शेजारच्या कोपीतल्या मावशीच्या मांडीवर. वडील तिथंच गेले. आई तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. बारकी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला यातलं काहीच आठवत नाही आणि "आठवत नाही" हे ती असं सांगते, जणू कुणी तिच्या वाटणीचं काही उचलून नेलंय.

चुलत्यानं आम्हाला नेलं. तो राक्षस होता असं लिहिणं सोपं आहे. त्याला स्वतःच्या तीन मुली होत्या आणि माझ्या बापाच्या अंगावरची उचल मुकादमानं त्याच्या नावावर चढवली होती. पुढचे दोन हंगाम मी त्याच्याबरोबर फडात गेले. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, मग मोळ्या बांधायच्या, ट्रॉली भरायला लागायचं, संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला रस्त्यावर उभं राहायचं. चुलती भाकरी मोजून ठेवायची. एक कमी भरली की मार मला, कारण बारकीला मीच चोरून द्यायचे. बाकी काय काय झालं ते सगळं लिहायची गरज मला वाटत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

२०१४ च्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त. मला बारावं सरत होतं. चुलती घरात सारखं बोलायची, "अक्का जाणार आता, अक्काचं घर वेगळं." बारकी ऐकायची. हे वाक्य पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मी शाळेतल्या बाईंना सांगितलं. कुणाला सांगू नका, असं म्हणून सांगितलं. बाईंनी त्याच रात्री १०९८ ला, मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक, पोलीस आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन माणसं दारात. बाईंमुळे मी वाचले, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं होतं की, एकीला विश्वासानं सांगितलं आणि तिनं ते बाहेर फोडलं. मी बाईंकडे बघितलं नाही. आजवर त्यांना भेटले नाही. तेवढं राहिलंय.

बाल कल्याण समितीसमोर उभं केलं. टेबलामागं अध्यक्ष आणि सदस्य, पुढं आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून. चांगलं बोलले, पाणी दिलं. मग आदेश वाचला. मी मुलींच्या बालगृहात आणि बारकी पाच वर्षांची म्हणून शिशुगृहात. सहा वर्षांखालचं मूल शिशुगृहात जातं, असा नियम. शिशुगृह दुसऱ्या शहरात होतं. बहिणी आहेत, एकत्र ठेवा, असं कुणी म्हणालं की नाही, मला आठवत नाही. मी तरी म्हणाले नाही. मला वाटलं, बोललं तर चुलत्याकडे परत पाठवतील.

गाडीत बसवताना बारकीनं माझा फ्रॉक सोडला नाही. एका ताईनं तिची बोटं एकेक करून सोडवली. मी म्हणाले, "रविवारी येते."

"नक्की?"

"नक्की."

रविवार का म्हणाले, देव जाणे. फडात रविवार नसतो. शाळेत असतो, तेवढाच मला माहीत.

बालगृहातल्या मुलीला असं उठून जाता येत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. अर्ज करायचा. अर्ज वर जातो. सोबत द्यायला कर्मचारी लागतो, गाडी लागते. कर्मचारी दोन, मुली चाळीसच्या वर. मी अर्ज केले. "बघू," म्हणाले. ते "बघू" म्हणणारे लोक वाईट नव्हते, खरंच बघणार होते. चौदा महिने गेले.

जुलै २०१५ ला बारकी आमच्या बालगृहात आली. सहा पूर्ण झाली म्हणून. मी फाटकापाशी उभी. वाटलं, धावत येईल. ती चालत आली, माझ्यापुढं थांबली आणि माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघितलं. मग हात वर करून दोन बोटांनी माझ्या कॉलरच्या आत चाचपलं. मला वाटलं, आईसारखं काही शोधते आहे. त्या रात्री ती माझ्या शेजारच्या गादीवर झोपली नाही. मावशींच्या खोलीच्या दाराशी झोपली.

त्यानंतर चार वर्षं ती मला अक्का म्हणाली नाही. भांडली नाही, रुसली नाही. "ए" म्हणायची, नाहीतर नुसती समोर येऊन उभी राहायची. मी डोक्याला तेल लावायला बोलावलं की म्हणायची, "मावशी लावतील."

या मावशींबद्दल सांगायला हवं. काळजीवाहक मावशी. प्रेमळ म्हणाल तर अजिबात नव्हत्या. कधी कुणाला जवळ घेतलं नाही, बेटा-बाळा केलं नाही. पण "उद्या केस धुवायचेत" म्हणाल्या की उद्या धुवायचे, थंडी असो, ताप असो. "पेटीची किल्ली शनिवारी देते" म्हणजे शनिवारी. नाही म्हणाल्या तर नाही, मग रडून पडून उपयोग नाही. गादीखाली भाकरीचे तुकडे लपवायची सवय आम्हा बऱ्याच जणींना होती आणि मुंग्या लागायच्या. मावशींनी आरडाओरडा केला नाही. स्वयंपाकघराच्या बाहेर एक झाकणाचा डबा ठेवला आणि सांगितलं, रात्री यात चार भाकरी असतील, भूक लागली तर घ्यायच्या, विचारायचं नाही. पहिल्या रात्री डबा रिकामा. दुसऱ्या रात्री रिकामा. महिनाभर रोज चार ठेवल्या त्यांनी. मग एक उरायला लागली, मग दोन. बारकी मात्र दोन वर्षं रोज रात्री उठून झाकण उघडून बघायची. घ्यायची नाही. नुसती बघायची आणि येऊन झोपायची.

समुपदेशक ताईही यायच्या. कंत्राटावरच्या, त्यामुळे दर काही महिन्यांनी नवीन. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायचं. तिसऱ्या ताईला मी सरळ म्हणाले, "आधीच्यांची वही बघा ना." आणि वाढदिवस करायला येणारे दाते. केक, फोटो, टाळ्या आणि निघताना लेकरांच्या गालाला हात लावून "परत येऊ हं". येऊ नका असं मी म्हणत नाही. केक आम्हाला आवडायचा. पण "परत येऊ" तेवढं म्हणू नका. आत मोजणारी लेकरं असतात.

२०१९ मध्ये आमच्या संस्थेतून मोठी झालेल्या एका ताईचं लग्न संस्थेच्या अंगणातच लागलं. मांडव, अक्षता, जिलबी. बारकी दहा वर्षांची. जेवायच्या पंगतीत ती दिसेना. शोधलं तर माझ्या पेटीसमोर बसलेली, पेटीचं कुलूप हातात धरून. मी विचारलं, काय झालं? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "तुझं कुठं ठेवलंयस?"

"काय?"

"मंगळसूत्र."

हळूहळू बाहेर आलं. पाच वर्षांच्या डोक्यानं हिशोब केला होता. चुलती म्हणत होती अक्का जाणार, अक्काचं घर वेगळं. मग गाडी आली, मला वेगळीकडे नेलं, तिला वेगळीकडे. म्हणजे अक्काचं लग्न झालं. अक्का सासरी गेली आणि जाताना खोटं बोलली, रविवारी येते म्हणून. फाटकात माझ्या गळ्यात तिनं तेच शोधलं होतं. सापडलं नाही, तर तिला वाटलं लपवलंय. चार वर्षं ती माझ्या पेटीकडे त्या नजरेनं बघत होती आणि मी समजत होते की, तिला माझी बिस्किटं हवीत.

मला त्या दिवशी पहिला राग आला तो तिचाच. एवढे अर्ज केले, रात्री रडले, आणि ही म्हणते खोटारडी! तोपर्यंत माझ्या डोक्यात सरळ वाटणी होती. ज्यांनी आम्हाला फसवलं ते तिकडे, आम्ही दोघी इकडे. तिच्या डोक्यात तशी वाटणी नव्हतीच. तिच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. चुलता दुसरा.

मी तिला पेटी उघडून दाखवली. सगळं बाहेर काढलं, तळाचा कागदसुद्धा. तिनं तो झटकून बघितला. अर्ज केल्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. कसा बसेल? सांगणारी मीच.

१ जून २०२० ला मी कागदोपत्री अठरा वर्षांची झाले. अठरा झाली की बालगृह सोडावं लागतं, पण टाळेबंदी. एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक ऑगस्टच्या २० तारखेला सुरू झाली. सप्टेंबरमध्ये मला पुण्याच्या अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरा झालेल्यांना ठेवतात तिथं, पाठवायचं ठरलं. सह्या करायला ऑफिसात बोलावलं, तेव्हा अधीक्षिका मॅडमनी माझी फाइल समोर ठेवली. उलटताना मधे तीन पिवळे पडलेले कागद निघाले. माझेच अर्ज. वहीच्या पानावर, रेघ सोडून लिहिलेले. मॅडमना म्हणाले, माझ्या बहिणीला बोलवाल का? नियमात बसतं की नाही, माहीत नाही, त्यांनी बोलावलं.

बारकीनं उभ्याउभ्या तिन्ही वाचले. तारखा बघितल्या. पहिला अर्ज जूनमधला, दुसरा ऑगस्टमधला, तिसरा दिवाळीनंतरचा. "माझी बहिण शिशुगृहात आहे. मी तिला रविवारी येते म्हणले आहे तरी मला एक रविवार मिळावा ही विनंती." तिसऱ्या कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "बहिण ऱ्हस्व लिहिलंयस. दीर्घ असतं. बहीण."

"हो."

"तिन्हीत चुकलंयस."

मॅडम हसल्या. मी हसले नाही, कारण तिचं बोट कागदावरून उठत नव्हतं. मग ती बाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिचा आवाज आला, कुठल्या तरी पोरीला सांगत होती, "अक्का सोमवारी जाणारे."

या वेळी मी "येते" म्हणाले नाही. "नक्की" तर नाहीच. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला ऑफिसच्या फोनवर फोन करीन, म्हणाले. एवढं माझ्या हातात होतं. फोनवर बोलायला काही नसायचं. "जेवलीस?" "हो." "शाळा?" "ऑनलाइन." दोन मिनिटं. पण सहा म्हणजे सहा. मी घड्याळाकडे बघत पाच अठ्ठावन्नला नंबर दाबून ठेवायचे.

त्या वर्षाअखेरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, जीएनएम, तीन वर्षं. एका संस्थेनं फी भरली. एप्रिल २०२१ मध्ये मलाच कोरोना झाला. दोन मंगळवार चुकले. निरोप पाठवायचं भानच नव्हतं. तिसऱ्या मंगळवारी फोन केला तर मावशी म्हणाल्या, "ती अभ्यासाला बसलीय." चौथ्या मंगळवारी आंघोळीला गेलेली. पाचव्या मंगळवारी झोपलेली, संध्याकाळी सहाला. मी मावशींना म्हणाले, काही सांगू नका, पुढच्या मंगळवारी करते. सहाव्या मंगळवारी ती फोनवर आली. हॅलो नाही, काही नाही. "ताप किती होता?"

"एकशे तीन."

"मग कुणाला तरी सांगायचं फोन करायला."

तिचं बरोबर होतं. वसतिगृहातल्या खोलीत आम्ही चौघी होतो आणि मी एकीलाही सांगितलं नव्हतं की, मला एक बहीण आहे. माझी पेटी पलंगाला साखळीनं बांधलेली. खोलीतल्या एकीची आई दर महिन्याला लाडवाचा डबा पाठवायची आणि त्यावर चिठ्ठी असायची, चौघींना. मी माझे लाडू न खाता कागदात गुंडाळून ठेवायचे, पुढं कधी कमी पडलं तर. बुरशी यायची. आजारपणानंतर मी त्या मुलीला बारकीच्या बालगृहाच्या ऑफिसचा नंबर दिला. "मला काही झालं तर मंगळवारी सहाला इथं फोन कर." एवढं बोलायला मला आठ दिवस लागले. तिनं नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "फक्त मंगळवारीच?"

नोकरी लागल्यावरही पगार जमा झाला की त्याच दिवशी निम्मा काढून आणायचे. बँकेवर भरवसा नाही म्हणून नाही. आकडा दिसतो, पैसे दिसत नाहीत, आणि वहीतला आकडा दुसऱ्याच्या हातात असतो, हे मुकादमानं शिकवलेलं. ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. आता चौथा हिस्सा काढते.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तशी महिन्यातून एकदा जाऊ लागले. शनिवारी. रविवार आम्ही दोघींनी न बोलता टाकून दिलाय.

यंदा मेमध्ये तिचा दहावीचा निकाल लागला आणि कागदांचा प्रश्न आला. राज्यात २०१८ पासून अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रस्तावाला आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले. माझं ते राहूनच गेलं होतं. मृत्यूची नोंद माणूस जिथं मरतो तिथं होते, तो राहतो तिथं नाही. म्हणजे वडिलांची सांगली जिल्ह्यातल्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत आणि आईची दवाखाना असलेल्या शहराच्या महापालिकेत. बारकीसाठी समितीची रजा काढली. दोघी पहिल्यांदा एवढ्या लांब एकत्र निघालो.

आईचा दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला. गावात वेळ गेला. ग्रामपंचायतीतल्या भाऊंनी २०१२ चं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं, वय अंदाजे, आणि पत्त्याच्या रकान्यात एवढंच: "ऊसतोड टोळी, जि. बीड." बारकीनं ते दोनदा वाचलं. तिनं वडिलांचं नाव पहिल्यांदाच कुठल्या रजिस्टरात बघितलं होतं. दुरुस्तीचा अर्ज तिनंच लिहिला. मी लिहायला घेतला तर हातातून काढून घेतला. शुद्धलेखन.

गावाबाहेर कोप्या पडायच्या ती जागा मी तिला दाखवली. मे महिना, टोळ्या केव्हाच गेलेल्या. चुलींचे काळे दगड तेवढे होते, तीन-तीन. "आपली कुठली?" तिनं विचारलं. मला सांगता येईना. खोटं सांगता आलं असतं, कुठलीही दाखवली असती. मी म्हणाले, "आठवत नाही." तिनं मान हलवली.

परतीच्या एसटीत तिनं खिडकीची जागा घेतली. बरंच अंतर गेल्यावर बाहेर बघतच म्हणाली, "तुझ्या दवाखान्यातला तो. सारखा फोन करतो तो."

मी काही बोलले नाही.

"लग्न ठरलं तर मला सांगशील?"

"सांगेन."

"कधी?"

"त्याच मंगळवारी."

तिनं थोडा विचार केला. "नाही," म्हणाली, "त्याच दिवशी सांग. आता माझ्याकडे मोबाइल येणारे."

"कोण देणारे?"

"तूच."

कंडक्टर आला. मी दोन अर्धी तिकिटं काढली.